एका घरात तीन मंडळ्या

पत्र: मी अहिल्यानगरची. माझे माहेर एस.पी.जी.चे (म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनचे), सासर अमेरिकन मिशनचे. आता दोन्ही घरे सी.एन.आय.मध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त प्रोटेस्टंट मंडळीत आहेत. माझ्या लेकीने वसईचा एक कॅथलिक मुलगा पसंत केला आहे. मुलगा आणि त्याच्या घरची माणसे चांगली आहेत. पण मरियेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावणाऱ्या घरात मुलगी देणार नाही, असे माझे यजमान म्हणतात. मुलाकडच्यांचे म्हणणे असे की लग्न त्यांच्याच चर्चमध्ये व्हावे आणि मुले कॅथलिक वाढवीन अशी सही माझ्या मुलीने करून द्यावी. त्यातच माझा धाकटा मुलगा पेन्टेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या दानांवर भर देणाऱ्या पंथाच्या) संगतीत जाऊ लागला. त्याने पाण्यात बुडून पुन्हा बाप्तिस्मा घेतला आणि आता तो आमच्यापैकी कोणाचाच बाप्तिस्मा खरा मानत नाही. घरातली एकत्र प्रार्थना बंद पडली आहे. सगळ्यांचा प्रभू एकच असताना सिद्धांतांच्या या भिंती मोडायच्या तरी कशा? की लेकीने सरळ कॅथलिक व्हावे, म्हणजे सगळेच मिटेल?

भगिनी, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. एक ख्रिस्ती पंथांच्या ऐक्याचा, ज्याचे उत्तर मोठमोठ्या परिषदांनाही पुरते सापडलेले नाही. दुसरा तुमच्या लेकीच्या लग्नाचा, जो येत्या काही महिन्यांत सोडवावा लागेल. पहिला सुटल्याशिवाय दुसरा सुटणार नाही असे तुम्ही धरून चालला आहात, म्हणून तुम्हाला भिंती मोडण्याची घाई झाली आहे. मला तसे वाटत नाही. जे भेद खरे आहेत ते खरे म्हणून मान्य करावेत, जे केवळ ऐकीव आहेत ते माहिती घेऊन दूर करावेत, आणि ज्यांचा उद्याच्या संसाराशी थेट संबंध येणार आहे त्यांच्याविषयी साखरपुड्याआधीच स्पष्ट बोलून घ्यावे, एवढे केले तरी तुमचे घर एकत्र राहू शकेल. ‘शेवटी सगळे एकच’ हे वाक्य मात्र कृपा करून कोणालाही ऐकवू नका. ते ऐकून तुमच्या यजमानांना, वसईच्या विहीणबाईंना आणि तुमच्या मुलाला, तिघांनाही एकाच वेळी असे वाटेल की आपण जिवाभावाने जे मानतो त्याला येथे काही किंमत नाही.

आधी यजमानांविषयी. त्यांना हे समजावण्याची गरज आहे की आपण मराठी प्रोटेस्टंटांनी आपला पंथ फारसा निवडलेला नाही. मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घेतले होते. कोल्हापूर-सांगलीकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन, जालन्याकडे स्कॉटिश मिशन, बुलढाण्याकडे नाझरीन, अकोल्याकडे अलायन्स मिशन, आणि नगरला १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन. तुमच्या यजमानांचे पूर्वज नगरऐवजी बुलढाण्याच्या एखाद्या गावी राहत असते, तर आज ते तितक्याच निष्ठेने नाझरीन असते. नगरात मात्र अमेरिकन मिशनच्या पाठोपाठ एस.पी.जी.ही आल्यामुळे एकाच शहरात दोन परंपरा शेजारी नांदल्या, आणि त्यांच्यात एकमेकांची मेंढरे, म्हणजे सभासद, पळवल्याच्या तक्रारीही झाल्या. अँग्लिकन परंपरेत बिशप होते, दृढीकरण (बिशपांच्या हातून विश्वास पक्का करण्याचा विधी) होते, छापील प्रार्थनापुस्तक होते. अमेरिकन मिशनच्या काँग्रिगेशनल परंपरेत बिशप नव्हते आणि स्थानिक मंडळीचा अधिकार सर्वांत मोठा मानला जात असे. बिशपाच्या हस्तारोपणाशिवाय, म्हणजे डोक्यावर हात ठेवल्याशिवाय, पाळकाची दीक्षा पुरी होते काय, या एका प्रश्नावर या दोन परंपरांतल्या विद्वानांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. म्हणजे तुमचे माहेर आणि सासर यांच्यामध्ये एके काळी खराखुरा सैद्धांतिक भेद होता, आणि तरीही तुमच्या लग्नाच्या वेळी तो कोणाच्या लक्षातही आला नसेल. हे कसे घडले, ते यजमानांबरोबर बसून एकदा नीट आठवून पाहावे असे मला वाटते.

ते घडले २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला, जेव्हा सहा मंडळ्या एकत्र येऊन सी.एन.आय. स्थापन झाली: अँग्लिकन मंडळी, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल या दोन मंडळ्यांची आधीच झालेली संयुक्त मंडळी, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट, आणि डिसायपल्स ऑफ ख्राईस्ट. त्यासाठीची बोलणी १९२९ साली लखनौला सुरू झाली होती, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ ती चालली. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट तर एवढी वर्षे वाटाघाटीत राहून शेवटच्या टप्प्यावर बाहेर पडले. पण जे राहिले त्यांनी दोन गाठी ज्या रीतीने सोडवल्या, किंवा खरे सांगायचे तर न सोडवता बाजूला ठेवल्या, ती रीत आपल्या प्रत्येक कुटुंबाने शिकण्यासारखी आहे.

पहिली गाठ दीक्षेची होती. बिशपांच्या परंपरेतल्यांना वाटत होते की इतर पाळकांना बिशपांचे हस्तारोपण मिळायला हवे, तर इतरांना वाटत होते की आमची दीक्षा अपुरी होती असे आम्ही का कबूल करावे? तेव्हा ठरले असे की सर्वांनीच एकमेकांवर हात ठेवावेत आणि ज्याला जे उणे असेल ते देवाने द्यावे अशी प्रार्थना करावी. ही पुनर्दीक्षा होती की नव्हती, याचा निवाडा माणसांनी करायचा नाही, तो देवावर सोपवायचा, असे जाणूनबुजून ठरवले गेले. काही जणांना ही पळवाट वाटली आणि त्यांच्या आक्षेपात तथ्यही आहे; परंतु स्वतःचे मत न सोडताही दुसऱ्याच्या दीक्षेचा मान राखण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली, हेही तितकेच खरे. दुसरी गाठ बाप्तिस्म्याची. बॅप्टिस्ट लोक बालकाचा बाप्तिस्मा मानत नव्हते आणि अँग्लिकनांना तो हवाच होता. सी.एन.आय.ने दोन्ही मार्ग मान्य केले: बालपणी बाप्तिस्मा व मोठेपणी विश्वासाची जाहीर कबुली, अथवा बालपणी देवाला अर्पण व मोठेपणी बाप्तिस्मा. यातला कोणताही मार्ग घ्या, पण घेतलेला बाप्तिस्मा पुन्हा घ्यायचा नाही. या ऐक्याचे मी उगीच गोडवे गाणार नाही. कागदावर एक झालेल्या मंडळ्या पुढे मालमत्तेसाठी कोर्टात उभ्या राहिल्या. गुजरातेतील ब्रदरन मंडळ्यांचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ साली त्यावर निकाल झाला. तरीही तुमच्या यजमानांना एवढे विचारायला हरकत नाही की बिशप मानणाऱ्या घरातली मुलगी ज्यांनी सून म्हणून आणली, त्यांनी आपली मुलगी बिशप मानणाऱ्या घरात द्यायला इतके का बिचकावे?

यावर ते म्हणतील की बिशपांचे काय, मुद्दा मूर्तीचा आहे. हा मुद्दा अर्धा ऐकीव आहे आणि अर्धा खरा. ऐकीव अर्धा असा की कॅथलिक मरियेची उपासना करतात. इ.स. ७८७ मध्ये निकिया येथे भरलेल्या दुसऱ्या परिषदेने आराधना फक्त देवाची आणि प्रतिमांना केवळ मान, असा भेद स्पष्ट केला होता आणि कॅथलिक शिकवण आजही तोच भेद धरून आहे. प्रोटेस्टंट सुधारणेचे अग्रणी मार्टिन लूथर यांनी स्वतः १५२१ साली मरियेच्या स्तोत्रावर आदराने भाष्य लिहिले, आणि लूककृत शुभवर्तमानातले तेच स्तोत्र अँग्लिकन संध्याकाळच्या उपासनेत शतकानुशतके गायले जात आहे, म्हणजे तुमच्या माहेरच्या आजीच्या कानांवरून ते नक्कीच गेले असणार. खरा अर्धा असा की मरियेला आणि संतांना मध्यस्थीसाठी विनवणे प्रोटेस्टंट शिकवणुकीत बसत नाही, आणि मरियेविषयीचे १८५४ व १९५० साली जाहीर झालेले कॅथलिक सिद्धांत प्रोटेस्टंटांना मान्य नाहीत. तेव्हा यजमानांनी रोझरी (जपमाळेवर म्हणायची मरियेची प्रार्थना) म्हणावी असे कोणीच म्हणत नाही. व्याह्यांच्या घरी रोझरी चालू असताना त्यांनी शांतपणे बसावे किंवा अंगणात जाऊन बसावे, पण त्या माणसांना मूर्तिपूजक म्हणू नये, कारण ते आरोप म्हणून खरे नाही आणि सोयरे म्हणून शोभत नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या कानावर जरूर घाला, कारण जुन्या पिढीला ती बहुधा कोणी सांगितलेली नसते. ज्या प्रश्नावरून पश्चिमेतली मंडळी मुळात फुटली, म्हणजे माणूस कृपेने विश्वासाच्या द्वारे नीतिमान ठरतो की कर्मांनी, त्या प्रश्नावर लूथरन जागतिक संघ आणि कॅथलिक मंडळी यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग येथे संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. पुढे २००६ साली जागतिक मेथडिस्ट परिषद आणि २०१७ साली रिफॉर्म्ड मंडळ्यांची जागतिक संघटना या समझोत्यात सामील झाली. सगळे भेद मिटले असे त्यात म्हटलेले नाही. उरलेले भेद एकमेकांना पाखंडी ठरवण्याइतके राहिलेले नाहीत, एवढेच म्हटले आहे. नगरच्या एखाद्या घरात आजही लूथर यांच्या काळातले, १५१७ सालचे भांडण चालू असेल, तर ते ज्यांनी सुरू केले त्यांच्या वारसांनी त्यातला बराच भाग मिटवला आहे, हे तरी त्या घराला कळायला हवे.

आता लग्नाकडे येऊ, कारण खरी काळजी येथे घ्यायची आहे आणि गैरसमजही येथेच अधिक आहेत. तुमच्या मुलीचा बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला असल्यामुळे कॅथलिक मंडळी तो खरा मानते. तो पुन्हा करायला कोणी सांगणार नाही, आणि सांगितलेच तर तो नियम नसून त्या सांगणाऱ्याचे अज्ञान असेल. या लग्नासाठी मुलाने आपल्या धर्मगुरूंमार्फत बिशपांची परवानगी घ्यावी लागते. त्या वेळी आपला कॅथलिक विश्वास टिकवण्याचे, आणि मुलांचा बाप्तिस्मा व संगोपन कॅथलिक मंडळीत होण्यासाठी आपल्याकडून होईल तेवढे सर्व करण्याचे वचन द्यावे लागते ते मुलाला. तुमच्या मुलीला त्या वचनाची पूर्ण कल्पना देणे बंधनकारक आहे. तिने स्वतः तसे वचन देणे बंधनकारक नाही. पूर्वी दोघांकडून वचन घेत असत, पण १९७० साली पोप सहावे पॉल यांनी तो नियम बदलला आणि १९८३ च्या कॅथलिक धर्मविधिसंहितेत नवा नियमच कायम झाला. मुलाकडची वडीलधारी मंडळी जुन्या आठवणीवरून सही मागत असतील, तर त्यांच्याशी वाद न घालता थेट धर्मग्रामाच्या, म्हणजे मुलाच्या स्थानिक चर्चच्या, फादरांना भेटा. तुमच्या दोघांऐवजी मुलाने आणि मुलीने एकत्र जाऊन भेटणे अधिक बरे.

लग्न कॅथलिक चर्चमध्ये होणार असेल, तर तुमच्या पाळकसाहेबांना तेथे बोलावता येते. शास्त्रवाचन, छोटेसे प्रबोधन आणि वधूवरांसाठी आशीर्वादाची प्रार्थना त्यांना करता येते, आणि १९९३ सालच्या कॅथलिक मार्गदर्शिकेत याची स्पष्ट तरतूद आहे. अशा लग्नात सहसा मिस्सा (प्रभुभोजनासह पूर्ण कॅथलिक उपासना) ठेवीत नाहीत, आणि ते शहाणपणाचेही आहे, कारण मिस्सा ठेवली तर अर्ध्या चर्चने कम्युनियन घ्यायची आणि उरलेल्यांनी बाकावर बसून पाहायचे अशी वेळ येते. लग्न सी.एन.आय.च्या चर्चमध्येच करण्याचे सबळ कारण असेल तर कॅथलिक विधीच्या नियमातून सूट मागता येते. ती देणे वा न देणे बिशपांच्या हाती आहे आणि ती लग्नाआधीच मिळालेली असावी लागते. मात्र ‘सकाळी तुमच्याकडे, संध्याकाळी आमच्याकडे’ असा दुहेरी विधी करू नका. एकाच लग्नाची संमती दोनदा घेणे कॅथलिक नियमाला मान्य नाही, आणि मला विचाराल तर लग्नाच्या पहिल्याच दिवशी वधूवरांना दोन्ही बाजूंची मर्जी राखत धावायला लावणे माणुसकीलाही धरून नाही.

मुलांच्या प्रश्नावर मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. मुलगा वचन देईल आणि ते पाळण्याचा प्रयत्न करील, हे धरून चाला. तुमच्या मुलीला आपली मुले आपल्याच मंडळीत वाढावीत असे मनापासून वाटत असेल, तर तिने ते आज त्याला सांगावे, पाळणा हलल्यावर नव्हे. दोघांनी मिळून काय ठरवले ते त्यांनी दोन्ही घरांना एकत्र सांगावे, आणि एकदा ठरल्यावर आजी-आजोबांनी त्यात हात घालू नये. यात तुम्हीही आलात. कॅथलिक बाप्तिस्मा झालेल्या नातवाला स्तोत्रे शिकवायला, बायबलमधल्या गोष्टी सांगायला आणि नगरला आल्यावर आपल्या रविवारच्या शाळेत बसवायला तुम्हाला कोणी अडवत नाही. प्रभुभोजनाचेही असेच आधी समजून घ्या: लग्नानंतरही तुमची मुलगी आपल्या मंडळीत प्रभुभोजन घेऊ शकेल, पण नवऱ्याच्या चर्चमध्ये तिला सामान्यतः कम्युनियन मिळणार नाही, आणि त्याच्या मंडळीच्या नियमानुसार त्यानेही तिच्याकडे ते घ्यायचे नाही. हे दर रविवारी टोचत राहील. आजवरच्या ऐक्याच्या सगळ्या चर्चांनंतरही या टेबलाशी दोन्ही बाजू वेगळ्याच बसतात, आणि दोघांपैकी कोणी चोरून रांगेत उभे राहिल्याने ते अंतर कमी होणार नाही.

धाकट्या मुलाचा प्रश्न मला याहून अवघड वाटतो. बालकाचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही हे मत काही काल निघालेले नाही. १५२५ साली झ्युरिकमध्ये काही जणांनी त्याच मतावरून मोठेपणी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झ यांना दोन वर्षांच्या आत तेथल्या प्रोटेस्टंट नगरसभेने नदीत बुडवून मारले. कॅथलिकांनी केलेला छळच तेवढा आठवणाऱ्या आपल्या लोकांनी हेही लक्षात ठेवावे. तेव्हा मुलाच्या मताची टर उडवू नका आणि त्याला ‘फितवला’ असे म्हणू नका. त्याने विचार केला आहे, आणि सी.एन.आय.मध्ये आलेल्या बॅप्टिस्टांचा विचारही त्याच्यासारखाच होता. त्याला सांगायचे ते एवढेच की मत त्याचे आहे, पण आपल्या आईच्या बाप्तिस्म्याचा निवाडा करण्याचा अधिकार त्याला त्या मतातून मिळत नाही.

त्याच्याशी बोलताना पंडिता रमाबाईंची आठवण करून द्या, कारण पेन्टेकॉस्टल मंडळींना त्यांच्या, पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या १९०५ च्या संजीवनाचा, म्हणजे धार्मिक जागृतीचा, अभिमान असतो. त्याच रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तो अँग्लिकन मंडळीत. तेथे इतके ख्रिस्ती पंथ पाहून आपण गोंधळून गेलो असे त्यांनी पुढे लिहिले आहे, आणि ज्या अँग्लिकन भगिनींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशी सिद्धांतांवरून त्यांचे तीव्र वादही झाले. त्यांनी कोणत्याही एका पंथाचे जोखड मानेवर घेतले नाही, आणि वाद झाले म्हणून त्या भगिनींशी नातेही तोडले नाही. आपल्या लेकीला, मनोरमेला, शिक्षणासाठी त्यांच्याकडेच ठेवले. तुमच्या मुलाला यातून हवा तो अर्थ काढू द्या. बहिणीच्या लग्नाला मात्र त्याने यावे असे त्याला स्पष्ट सांगा. कॅथलिक चर्चमध्ये गुडघे टेकण्याची किंवा उत्तरे म्हणण्याची सक्ती त्याच्यावर कोणी करणार नाही. तेथे हजर राहणे म्हणजे तेथली प्रत्येक शिकवण मान्य करणे नव्हे.

घरातली प्रार्थना पुन्हा सुरू करण्यासाठी सर्वांच्या समेटाची वाट पाहू नका. रात्रीच्या जेवणाआधी एक स्तोत्र वाचा, प्रभूची प्रार्थना म्हणा आणि थांबा. सुरुवातीला मोकळी प्रार्थना नको, कारण तुमच्या घरात सध्या ती देवाला उद्देशून कमी आणि समोरच्याला उद्देशून जास्त होईल. ‘हे प्रभू, माझ्या भावाचे डोळे उघड’ अशी प्रार्थना ही बहुतेक वेळा टोमणाच असते. जावई घरी येईल तेव्हा प्रेषितांचा मतांगीकारही (ख्रिस्ती विश्वासाची जुनी कबुली) म्हणायला हरकत नाही. तो दोन्हीकडे म्हणतात. आणि १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा सप्ताह असतो. आपल्याकडे तो एखाद्या संयुक्त सभेवर आणि चहापानावर आटोपतो, पण दोन व्याह्यांनी तो एकमेकांच्या चर्चमध्ये जाऊन पाळायला कोणाची परवानगी लागत नाही.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. लेकीने कॅथलिक व्हावे काय? तिला त्या विश्वासाची ओढ वाटत असेल, तर तिने सवडीने शिकावे, प्रश्न विचारावेत आणि ठरवावे. मग तिचा निर्णय तुम्ही मान्य करा. पण केवळ लग्न सोपे व्हावे म्हणून तिने पंथ बदलू नये, आणि कोणतेही जाणते फादर तिला तसे करायला सांगणार नाहीत. तसे केले तर आज सगळ्यांची सोय होईल, आणि दहा वर्षांनी एखाद्या भांडणात ‘तुझ्यासाठी मी माझी मंडळी सोडली’ हे वाक्य बाहेर पडेल.

या आठवड्यात तुम्ही दोनच कामे करा. तुमच्या पाळकसाहेबांना भेटून लग्नाची कल्पना द्या आणि मुलीच्या बाप्तिस्म्याचा दाखला काढून घ्या, कारण वसईला तो लागेल. आणि परवानगीचा अर्ज, लग्नपूर्व शिबिर व चर्चची तारीख यांची चौकशी मुलाने आताच सुरू करावी, असे त्याला कळवा. हॉलची आगाऊ रक्कम भरण्याआधी ही परवानगी हातात असलेली बरी.